ओलितेच्या राजवाड्याचे नवे बुरूज

स्पेनच्या उत्तरेकडील नवारा प्रांतात, पाम्प्लोना शहराच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात ओलिते नावाचे एक लहानसे गाव आहे. गाव लहान, पण त्यातला राजवाडा एवढा मोठा, की वाड्याला गाव टेकून बसल्यासारखे वाटावे. कुठे गोल, कुठे चौकोनी, कुठे अष्टकोनी असे बुरूज. एकाची उंची दुसऱ्याशी जुळत नाही. काहींवर निमुळती काळसर छपरे, काहींवर नुसत्या चर्या. दिवाळीत आपली मुले अंगणात किल्ला करताना जागा सापडेल तिथे बुरूज बसवतात, तसा हा सारा थाट. चित्र पाहणारा पहिल्याच नजरेला म्हणतो, "हा तर गोष्टीतला किल्ला!" प्रवाशांसाठी छापलेल्या पुस्तिकाही तेच म्हणतात. माझे म्हणणे एवढेच, की या कौतुकात एक गफलत आहे. आणि ती पाहणाऱ्याची नाही. ज्यांनी हा वाडा पुन्हा उभा केला त्यांनी ती दगडात करून ठेवलेली आहे.

कारण हा राजवाडा दोनदा बांधला गेला. पहिल्यांदा १४०० सालाच्या आगेमागे सुरुवात होऊन पुढची वीस-पंचवीस वर्षे. दुसऱ्यांदा १९३७ पासून १९६० नंतरच्या दशकापर्यंत. मधल्या काळात तो ओस पडला, जळला आणि शंभराहून अधिक वर्षे उघड्यावर पडून राहिला. आज आपण ज्याची तारीफ करतो त्यातले पहिल्या बांधणीचे किती आणि दुसरीचे किती, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याच्या वास्तुकलेविषयी बोलण्यात अर्थ नाही.

बांधणारा राजा तिसरा कार्लोस. याच्या बापाला इतिहासाने 'दुष्ट' हे विशेषण चिकटवले आणि याला 'उमदा'. एकाच घरात लागोपाठ दोन पिढ्यांत असा निकाल क्वचितच लागत असेल. १३६१ मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेला हा राजपुत्र फ्रान्सच्या राजाचा नातू होता. १३८७ मध्ये तो गादीवर आला आणि १४२५ मध्ये याच ओलितेत वारला. राज्य चिमुकले, एका बाजूला कास्तिल, दुसऱ्या बाजूला आरागोन, डोंगरापलीकडे फ्रान्स. अशा राजाने लढून काय मिळवायचे? बापाने फ्रान्समधल्या मुलखांसाठी जन्मभर कारस्थाने केली. मुलाने १४०४ मध्ये ते हक्क सोडून दिले आणि त्यांच्या बदल्यात पैसा व नमूरच्या ड्यूकची पदवी पदरात पाडून घेतली. शेजाऱ्यांशी सोयरीक, तह, मेजवान्या आणि बांधकामे, हे त्याच्या राज्यकारभाराचे चार खांब. त्याची राणी लेओनोर कास्तिलची. मध्यंतरी ती कित्येक वर्षे माहेरी जाऊन बसली होती, ती १३९५ मध्ये परत आली. त्यानंतर काही वर्षांतच ओलितेच्या जुन्या वाड्याला लागून नव्या वाड्याची कामे सुरू झाली. राणीला खूश ठेवण्यासाठी राजाने वाडा बांधला असे मी म्हणत नाही. पण या वाड्यात राणीच्या वाट्याला जे आले ते पाहिले, म्हणजे तो मोह आवरणे कठीण जाते.

गॉथिक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई येते: विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, बोरीबंदरचे स्टेशन. ते गॉथिक एकोणिसाव्या शतकातले, म्हणजे पुन्हा जिवंत केलेले. मूळचे गॉथिक वाढले ते चर्चमध्ये. टोकदार कमान, तिच्यामुळे मिळणारी उंची, भिंती हलक्या करून त्यांत बसवलेल्या मोठाल्या खिडक्या. चर्चला एक अक्ष असतो. दारातून शिरलेल्या माणसाची नजर थेट वेदीकडे गेली पाहिजे, त्यामुळे सगळी रचना त्या एका रेषेला बांधलेली. राजवाड्याला असे बंधन नसते. तो घरासारखा वाढतो. एक दालन कमी पडले की शेजारी दुसरे, त्याला जोडणारा जिना, जिन्यावर मनोरा, मनोऱ्यातून पुढे सज्जा. ओलितेत हे वाढणे नागडे दिसते, आणि तीच त्याची पहिली खुबी. तिथे नकाशा आधी आणि इमारत मागाहून असा प्रकारच नाही. समरूपतेची सवय जडलेल्या डोळ्याला हा गोंधळ वाटेल. पण एका दालनातून दुसऱ्यात जाताना प्रत्येक वेळी उजेड बदलतो, उंची बदलते, बाहेरचे दृश्य बदलते, आणि हा बदल मोजूनमापून बेतलेल्या पुढच्या काळातल्या राजवाड्यांत फार थोड्यांना साधला आहे.

बुरुजांची नावेच ऐका. एक 'चार वाऱ्यांचा बुरूज'. याला मोठाल्या खिडक्या आहेत आणि त्या खिडक्यांत बसून दरबारी मंडळी खालचे खेळ आणि झुंजी पाहत. एक 'तीन मुकुटांचा', अष्टकोनी, चढत्या क्रमाने अरुंद होत जाणारा. टेहळणीच्या बुरुजाचे दुसरे नाव 'होयोसा ग्वार्दा'. हे नाव आर्थर राजाच्या कथांमधून आलेले, लॅन्सलॉट या सरदाराच्या गढीचे. म्हणजे टेहळणीच्या बुरुजालासुद्धा या राजाने कादंबरीतले नाव दिले! ज्याला खरोखर शत्रूची वाट पाहायची आहे तो असली नावे ठेवत नाही. बुरुजाला भल्यामोठ्या खिडक्याही ठेवत नाही.

आणि मग ती बाग. राणीची बाग जमिनीवर नव्हती, वरच्या मजल्याच्या उंचीवर होती. गच्चीवर चार कुंड्या ठेवणाऱ्या कोणालाही यातली अडचण समजेल. ओली माती घनमीटरला दीड-दोन टन भरते. झाडे लावायची तर तिचा थर चांगला जाड हवा. शिवाय पाणी झिरपणार, मुळे सांध्यांत शिरणार. हे सगळे ओझे पेलण्यासाठी बागेच्या खाली एक दालन बांधले आहे, त्याला कमानींचे दालन म्हणतात. जाड, बुटक्या, टोकदार कमानी एकीपाठोपाठ एक उभ्या आहेत. अर्धगोल कमान ओझ्याखाली दोन्ही बाजूंच्या भिंती बाहेर ढकलू पाहते. टोकदार कमानीत हा बाहेरचा रेटा कमी होऊन भार अधिक सरळ खाली उतरतो. चर्चमध्ये हाच गुण उंची गाठण्यासाठी वापरला गेला. इथे तो मोगरा-गुलाबाची माती डोक्यावर घेण्यासाठी वापरला आहे. (मोगरा माझा, राणीने तिथे कोणती फुले लावली असतील ती असोत.) या दालनात कोरीवकाम नाही, दिखावा नाही, कोणी पाहावे म्हणून ते बांधलेलेही नाही. पण ओलितेतल्या वास्तुकलेचा अस्सल नमुना मला विचाराल तर मी बुरुजांकडे बोट दाखवणार नाही, या तळघरासारख्या दालनाकडे दाखवीन. गॉथिक बुद्धी इथे काम करताना सापडते.

बाकीच्या चैनीही अशाच नेटक्या. वाड्याच्या बाहेर बर्फाची विहीर आहे. तिच्यावर अंड्याच्या कवचासारखे दगडी घुमटवजा टोपण. हिवाळ्यात भरलेला बर्फ उन्हाळ्यापर्यंत टिकावा म्हणून. एका अंगणात पक्षी पाळण्याची सोय होती. राजाने सिंह पाळले होते. एका चौकात तुतीचे जुने झाड आहे. ते राजाच्याच काळचे अशी समजूत आहे आणि सरकारने त्याला संरक्षण दिले आहे.

दालनांच्या आत काय होते? इथे कारागीर बदलतात. दगडाचे कौशल्य उत्तरेकडून आले. पाम्प्लोनाच्या कॅथीड्रलमध्ये राजाराणीची संगमरवरासारख्या शुभ्र अलाबास्टरची समाधी घडवणारा तुर्नेचा जेहान लोम याचाही हात ओलितेच्या कामाला लागला होता. पण लाकूड आणि गिलावा हे काम दक्षिणेकडच्या तुदेलातल्या मुसलमान कारागिरांचे. सुतारांचा मुख्य लोप बार्बिकानो, हाही त्यांतलाच. छताच्या रंगीत, सोनेरी तक्तपोशी, भिंतींवर नक्षीचा गिलावा, चकाकत्या फरश्या. ख्रिस्ती राजाच्या गॉथिक वाड्याचे अंतरंग मुसलमान हातांनी घडवले होते, आणि त्या काळी त्याचे कोणाला नवलही वाटत नव्हते. ही माहिती आपल्याला आहे ती राजाच्या हिशेबखात्यामुळे. १३६५ मध्ये नवारात स्थापन झालेल्या या कचेरीची कागदपत्रे टिकली आहेत. कोणत्या कारागिराला कशाचे किती दिले हे त्यांत नोंदलेले असते. पेशवे दफ्तर चाळलेल्या माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. वाडा गेला तरी वाड्याचा जमाखर्च राहतो.

१५१२ मध्ये कास्तिलने नवारा जिंकले आणि ओलितेचे दिवस फिरले. राजा नाही तिथे दरबार कसला? मग १८१३ साल आले. नेपोलियनच्या सैन्याशी स्पेनमध्ये गनिमी लढाई चालू होती. नवारातला गनिमांचा पुढारी फ्रान्सिस्को एस्पोस इ मिना याला भीती वाटली, की फ्रेंच सैनिक या वाड्यात ठाण मांडतील. म्हणून त्याने तो जाळून टाकला. पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी १८२८ मध्ये, पुण्याचा शनिवारवाडा जळाला. आगीचे कारण वेगळे, पण दोन्हीकडे जळण्याचा क्रम एकच: लाकूड गेले, दगड राहिला. शनिवारवाड्याची जोती, तट आणि दिल्ली दरवाजा राहिला, दिवाणखाने गेले. ओलितेतही भिंतींचे सांगाडे राहिले आणि सोनेरी तक्तपोशी गेली. म्हणजे आग निवड करते, आणि तिची निवड न्यायाची नसते. जे राजाला सर्वांत प्रिय होते नेमके तेच ती खाते, आणि जे केवळ त्याला धरून ठेवण्यासाठी होते ते मागे ठेवते.

फरक पुढे पडला. पुण्याने वाडा पुन्हा बांधला नाही. ओलितेत एकोणिसाव्या शतकभर लोक अवशेष पाहायला येत राहिले. बेकेरसारख्या कवीने त्यांच्यावर लिहिले. आणि अखेर १९१३ मध्ये नवाराच्या प्रांतिक सरकारने ते विकत घेतले. १९२३ मध्ये जीर्णोद्धाराच्या आराखड्यांची स्पर्धा झाली, तीत यार्नोस बंधू जिंकले. प्रत्यक्ष काम होसे यार्नोस यांनी १९३७ मध्ये, स्पेनमधले यादवी युद्ध ऐन भरात असताना, सुरू केले आणि पुढची सुमारे तीस वर्षे ते चालले.

या कामामागची विचारसरणी फ्रान्सची. एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्यूक या वास्तुकाराने कार्कासोनची तटबंदी आणि पिएरफाँचा किल्ला पुन्हा उभारला. त्याचे मत असे, की जीर्णोद्धार म्हणजे इमारत पूर्णत्वाला नेणे; मग ते पूर्णत्व तिला पूर्वी कधी लाभले नसले तरी चालेल. इकडे इंग्लंडात रस्किनने १८४९ मध्येच जीर्णोद्धाराला सरळसरळ खोटेपणा ठरवून टाकले होते. आणि १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने जुन्या इमारती वाचवणारी संस्था काढली, ती सर गिल्बर्ट स्कॉट यांच्या एका जीर्णोद्धाराच्या बेताने चिडून. हे स्कॉट म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठाच्या इमारतींचा आराखडा इंग्लंडात बसून करणारेच. मुंबईत त्यांनी नवे गॉथिक निर्वेधपणे बांधले, कारण तिथे त्याखाली झाकले जाण्यासारखे जुने गॉथिक नव्हते. स्वदेशात मात्र त्यांच्या हाताखाली जुन्या चर्चचे खरे दगड नाहीसे होतात अशी ओरड झाली. नवे बांधणे आणि जुने 'पूर्ण' करणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत वास्तुकार स्वतःच्या नावाने बोलतो, दुसरीत दुसऱ्याच्या.

यार्नोस कोणाच्या नावाने बोलले? निष्पक्षपणे पाहिले पाहिजे. भिंती उभ्या होत्या, पाया होता, जुनी रेखाटने होती, हिशेबाचे कागद होते. दालनांची जागा, बुरुजांचे घेर, जिन्यांचे मार्ग यांत त्यांनी मूळ सोडले नाही, आणि म्हणून आज वाड्यातून फिरताना मी वर सांगितलेला तो बदलता उजेड खरोखरच भेटतो. हे श्रेय लहान नाही. नुसत्या जोत्यांवरून कोणाच्याही पायांना जिन्याची चढण कळत नाही. सज्जांच्या जाळीदार कमानींचे पुन्हा उभारलेले कामही मला नापसंत नाही. राणीच्या सज्जातून दिसणारे दगडी नक्षीकाम नवे आहे हे कळल्यावरही त्याचा तोल बिघडत नाही, कारण तो सज्जा ज्या कामासाठी होता त्याच कामाची आठवण ते करून देते: बसणे, बोलणे, बाग पाहणे.

माझी तक्रार वरच्या रेघेविषयी आहे. चर्या, मनोऱ्यांचे शेंडे, छपरे, म्हणजे आकाशावर उमटणारी जी आकृती पाहून आपण "गोष्टीतला किल्ला" म्हणतो ती बहुतांशी विसाव्या शतकातली. मोडक्या भिंतीचा शेंडा हाच आधी ढासळतो, त्यामुळे त्याच्याविषयी पुरावा सर्वांत कमी. हिशेबाचे कागद सुताराचे नाव आणि मजुरी सांगतात, मनोऱ्याचे टोक किती उंच होते हे सांगत नाहीत. जिथे पुरावा कमी तिथेच हात सैल सुटला. आणि जिथे पुरावा शब्दशः लिहून ठेवलेला होता, की या भिंती उघड्या दगडाच्या नव्हत्या, त्यांवर गिलावा होता, रंग होता, सोने होते, तिथे भिंती उघड्या ठेवल्या. आज आत शिरणाऱ्याला दिसतो तो घडीव दगड, मोकळी शेकोटी, रिकामे दालन. बाहेर शंका असताना बोलले आणि आत खात्री असताना गप्प राहिले, असे हे झाले. याला कोणी संयम म्हणेल. नक्षीच्या गिलाव्याची नक्कल करण्यापेक्षा उघडी भिंत बरी, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण मग तोच संयम शेंड्यांच्या बाबतीत का नाही? १९६४ मध्ये व्हेनिसच्या सनदेने हाच नियम घालून दिला, की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. तोवर ओलितेचे काम जवळजवळ संपत आले होते.

याचा परिणाम नुसत्या तपशिलाचा नाही, अर्थाचा आहे. चर्या मूळ वाड्याला नव्हत्याच असे मी म्हणत नाही. त्या काळी चर्या हे राजेपणाचे चिन्हही असे, अंगावरच्या शेल्यासारखे. पण बाहेर ठसठशीत चर्या आणि आत बोडका दगड, हे दोन एकत्र आले की पाहणाऱ्याच्या मनात एकच शब्द उभा राहतो: किल्ला. मग त्याला मेजवान्या दिसत नाहीत, वेढा दिसतो. सज्जातून फुले पाहणारी राणी दिसत नाही, बाण रोखलेले शिपाई दिसतात. ज्याने लढाईऐवजी तह पत्करला, सिंह पाळले, बर्फ साठवला आणि टेहळणीच्या बुरुजाला प्रेमकथेतले नाव दिले, त्या माणसाच्या घरातून फिरताना मुले तलवारीचे हात करतात! आणि १८१३ मध्ये मिनाने हा वाडा का जाळला? तो किल्ल्यासारखा वापरता येईल म्हणून. मिनाचा लष्करी हिशेब चूक होता असेही नाही. भिंती जाड आहेतच. पण ज्या नजरेने वाडा जाळला, त्याच नजरेने तो पुन्हा बांधला, हे मनाला लागते.

मग तो तसाच पडू द्यायला हवा होता का? उत्तरेला थोड्याच अंतरावर ताफाया गाव आहे. तिथेही याच राजाने वाडा आणि बागा केल्या होत्या. दोन्ही वाड्यांना जोडणारा झाकलेला सज्जा बांधण्याचा त्याचा बेत होता अशी दंतकथा त्या भागात सांगतात. तो ताफायाचा वाडा एकोणिसाव्या शतकात नाहीसा झाला. त्याच्याविषयी टीका लिहिण्याचीही सोय उरलेली नाही. ओलितेच्या जुन्या वाड्यात १९६६ पासून प्रवाशांसाठी सरकारी निवास आहे, नव्या वाड्यात माणसांची वर्दळ आहे, आणि ज्या इमारतीत पावले वाजतात तिच्यातली चूक केव्हातरी सुधारता तरी येते.

तेव्हा जो कोणी ओलितेला जाईल त्याने बुरूज जरूर चढावेत; वरून दिसणारे द्राक्षमळे अस्सल आहेत. मात्र त्याआधी दोन ठिकाणी वेळ काढावा. एक, वाड्याला लागूनच असलेले सांता मारियाचे चर्च: त्याचे दगडी प्रवेशद्वार १३०० सालाच्या सुमाराचे, आगीतून वाचलेले, नवे दगडकाम कोणते आणि जुने कोणते हे डोळ्याला तिथे आपोआप शिकता येते. दुसरे, वाड्याच्या आतले गिलाव्याचे दालन. तुदेलाच्या कारागिरांच्या हातच्या नक्षीचे अवशेष तिथे जपून ठेवले आहेत. रेषेत रेष गुंतलेली, मध्येच तुटलेली, रंग विटलेला. ते दालन लहान आहे आणि अंधारे आहे, आणि बुरुजांकडे निघालेली बहुतेक मंडळी त्याच्यापुढे फार वेळ थांबत नाहीत.